परदेशातलं नेटवर्क आणि पुनावळ्याचं गेट

आमच्या घरातले सगळे ओटीपी माझ्या मोबाइलवर येतात. गॅसचा, बँकेचा, वीजबिलाचा, नवऱ्याच्या दातांच्या डॉक्टरचा, झाडून सगळे. ओळखीचे लोक म्हणतात, वा, तुमच्याकडे बाईच्या हातात कारभार! तसं काही नाही. नवरा चाकणच्या ज्या कंपनीत आहे तिथं आत जाताना फोन गेटवरच्या लॉकरमध्ये टाकावा लागतो आणि शिफ्ट सुटल्यावरच तो परत हातात येतो. मी आकुर्डीच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, माझा फोन दिवसभर टेबलावर माझ्यासमोर पडलेला असतो. एवढ्याशा कारणावरून मी घरातली कर्ती झाले.

या कारभारातला सगळ्यात मानाचा भाग म्हणजे सोसायटीचं गेट. आम्ही पुनावळ्यात राहतो. समोरच्या प्लॉटवर अजून म्हशी बांधलेल्या असतात, पण सोसायटीला नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं दिलंय, त्यामुळे बंदोबस्तही तसाच लागतो. गेटवर कोणीही आलं की गार्ड त्याचं नाव ॲपमध्ये टाकतो, माझा फोन वाजतो, मी 'हो' दाबलं तर माणूस आत. नाही दाबलं तर कामवाल्या मावशी बाहेर, दूधवाला बाहेर. नवऱ्याचा मामा एकदा बराच वेळ बाहेर होता. ते मी मुद्दाम केलं असं नवऱ्याचं आजही म्हणणं आहे. पूर्वी इंटरकॉम होता. ॲप आल्यावर कमिटीनं तो काढून टाकला, कारण दोन दोन गोष्टी ठेवल्या तर लोक त्यातली सोपी वापरतात.

माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथून जवळच, काळेवाडीत राहतात. दोन खोल्या, समोर दुकानांची रांग, आई गेल्यापासून एकटेच. सोलापूरकडून तरुणपणी आले, मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलं, युनियनमध्ये भाषणं ठोकली, मला इंजिनिअर केलं. गावाकडं कोणी लिंबू-मिरच्या बांधल्या तर त्या सोडून भजी करायला लावणारा माणूस. पण एक गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नसतं. पाणीसुद्धा प्यायचं नसतं. का, ते कोणी सांगत नाही. अण्णांनाही सांगता येत नाही, ते नुसतं 'असू दे गं' म्हणतात.

मला मूल झालं नाही. होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालं, आम्ही दोघांनी ऐकून झालं, रडून झालं आणि नंतर आम्ही स्वयंपाकघराचं नूतनीकरण काढलं. नातेवाइकांनीही विचारायचं सोडलं. फक्त अण्णांच्या त्या नियमाला कोणी कळवलं नव्हतं. वास्तुशांतीला ते सकाळपासून राबले, पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतः मात्र काळेवाडीहून आणलेला डबा खाली पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवून खाल्ला. मी वरून, गॅलरीतून बघितलं. मला वाईट नंतर वाटलं, आधी राग आला.

तर अशा अण्णांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, दिवसातून कितीदा तरी डोळ्यात थेंब घालायचे. हे सगळं एकट्यानं जमणार नाही असं डॉक्टरांनीच बजावलं, आणि अण्णा पहिल्यांदा माझ्याकडं मुक्कामाला यायला कबूल झाले. अट एकच, जेवण काळेवाडीच्या मेसमधून येणार. म्हटलं, येऊ दे. माणूस एकदा घरात झोपला, उठला, आंघोळ केली, की पुढचं बघू. इतक्या वर्षांत तो नियम मोडायच्या मी इतक्या जवळ कधी आले नव्हते.

आणि कंपनीनं नेमकं तेव्हा मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं.

खरं तर जाणार होते आमचे साहेब. आम्ही एक मोठं मशीन मागवलं होतं, ते बोटीत चढवण्याआधी तिथं जाऊन चालवून बघायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. साहेबांनी कोट शिवला, डिपार्टमेंटला पेढे दिले, आणि त्यांचा व्हिसा काही आला नाही. माझा आला. शनिवारी सकाळी मी अण्णांना ऑपरेशनला नेलं आणि रात्री स्वतः मुंबईचं विमानतळ गाठलं. रविवारी सकाळी नवऱ्यानं त्यांना दवाखान्यातून काळेवाडीला न्यायचं, त्यांनी कपडे घ्यायचे, दुपारी विश्रांती, आणि उन्हं कलली की रिक्षानं एकट्यानं पुनावळ्याला. नवऱ्याला दुसरी शिफ्ट होती, तो रात्रीच येणार होता, म्हणून त्यानं घराची किल्ली अण्णांकडं दिली. राहता राहिलं गेट. गेटचा पास काढला की काही तासांतच त्याची मुदत संपते, त्यामुळे तो आधी काढून उपयोग नव्हता. मी म्हटलं, तो मी तिथून काढीन. जर्मनी आहे, तिथं नेट काय नळालाही येत असेल.

रविवारी पोचायचं हेही आम्हीच ठरवलं होतं, आणि त्यातली मौज बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागेल. आमच्या पट्ट्यात कित्येक कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या भारनियमनात कधीतरी वार वाटून दिले होते, ते तसेच राहिले. मी जन्मल्यापासून घरात सुट्टी म्हणजे गुरुवार. अण्णांचं डोकं तेलानं चोळायचं ते गुरुवारी, मटण गुरुवारी, माझं लग्नसुद्धा गुरुवारी, म्हणजे सगळं मशीन शॉप यावं. रविवार हा आमच्यासाठी कामाचा साधा दिवस. त्यामुळे मीटिंगमध्ये ठरलं, की रविवारी पोचायचं, दिवसभरात सिमकार्ड, थोडी खरेदी, काय लागेल ते बघायचं, आणि सोमवारी ताजंतवानं कामाला. मीटिंगला आठ-दहा शिकलेली माणसं होती. सगळ्यांनी मान डोलावली. गुरुवार टाळला म्हणून मला शाबासकीही मिळाली.

फ्रँकफर्टला विमानातून उतरून फोन चालू केला. त्यावर काहीच आलं नाही. कंपनीनं मला रोमिंगचा पॅक घेऊन दिला होता, ॲडमिनवाल्यानं 'डन मॅडम' असा निरोपही पाठवला होता. तो पॅक साहेबांच्या नंबरवर डन झाला होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. यादीत नाव बदललं, नंबर बदलायचा राहिला. म्हणजे मी जर्मनीत रेंजविना, आणि साहेब आकुर्डीत, खंडोबाच्या माळाला, पूर्ण युरोपभर चालणारं रोमिंग खिशात घालून भेळ खात होते.

विमानतळावर फुकट वायफाय होतं. त्यानं प्रेमानं माझा मोबाइल नंबर विचारला आणि त्यावर कोड पाठवला. तो कोड यायला रोमिंग लागतं. मी तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी ट्रेन चुकेल म्हणून निघाले.

ते गाव तसं छोटं, आपल्या चाकणची आठवण यावी असं, म्हणजे कारखान्यांसाठीच वसलेलं. फक्त रस्त्यावर कंटेनर नव्हते, माणसं नव्हती, आवाज नव्हता. मी स्टेशनाबाहेर बॅग ओढत चालले होते आणि त्या चाकांचाच काय तो आवाज. दुकानं बंद. मोबाइलचं दुकान बंद, किराणा बंद, औषधांचं बंद. पहिल्यांदा वाटलं, कोणी मोठा पुढारी गेला असेल. मग एका काचेवर वेळापत्रक दिसलं, त्यात शेवटच्या वाराच्या पुढं नुसती रेघ होती, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आज रविवार. या लोकांना रविवारी सुट्टी असते. शाळेत असल्यापासून मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात येणं यात पुणे ते फ्रँकफर्ट एवढं अंतर असतं, ते मी नुकतंच कापलं होतं.

म्हटलं, निदान लॉज गाठू, तिथं वायफाय असेल. लॉज सापडला. दार बंद. बेल दाबली, कोणी आलं नाही. दाराशेजारी भिंतीत एक छोटी पेटी, तिच्यावर आकडे. शेजारच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं की प्रिय पाहुण्या, किल्ली पेटीत आहे, पेटी उघडण्याचा कोड आम्ही तुम्हाला ईमेलवर पाठवला आहे, तुमचं स्वागत असो. ईमेल वाचायला नेट हवं. नेट आत होतं. मी त्या स्वागताच्या पाटीसमोर बॅगेवर बसले आणि घड्याळात भारताची वेळ बघितली. तिकडं उन्हं कलायला लागली असणार. अण्णा बहुतेक रिक्षात बसले असतील, डोळ्यावर तो काळा चष्मा, मांडीवर पिशवी.

मला तेव्हा एकाच गोष्टीची भीती होती. अण्णा गेटवरून परत गेले, तर ते पुन्हा येणार नाहीत. त्यांना निमित्त लागतं, आणि मी त्यांना सोन्याच्या ताटात घालून निमित्त देत होते. लेकीच्या घरी गेलो, आत घेतलं नाही, बघा, जुनी माणसं उगाच नियम करत नव्हती. हे ते कोणाला बोलून दाखवणार नाहीत, पण पिशवी उचलतील आणि काळेवाडीला जाऊन एका डोळ्यानं स्वतःचा भात स्वतः लावतील.

पुन्हा स्टेशनवर गेले. स्टेशनवर तेवढं एक पेपर-सिगारेटचं दुकान उघडं होतं आणि त्यात चक्क सिमकार्ड टांगलेली होती. मला त्या दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं पैसे घेतले, पाकीट दिलं आणि सांगितलं, आता फक्त ओळख पटवायची. कशी? व्हिडिओ कॉलवर. त्यांचा माणूस तुमचा चेहरा बघेल, पासपोर्ट बघेल, मग सिम चालू होईल. मी विचारलं, व्हिडिओ कॉल कशावरून करू? तो म्हणाला, इंटरनेटवरून. आणि इंटरनेट? त्यानं माझ्या हातातल्या सिमकडं बोट दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आपल्याकडं सरकारी कचेरीत असं झालं तर आपण देशाच्या नावानं बोटं मोडतो. तिथं मी 'थँक यू' म्हणाले.

त्याला बहुधा दया आली, कारण त्यानं समोरचं बर्गरचं दुकान दाखवलं. तिथं वायफाय होतं, नंबर न विचारता लागणारं. मी एक कॉफी घेतली, कोपऱ्यात बसले आणि फोनवर वायफायचं ते एकावर एक कमानींचं चिन्ह उमटलं. आधी ओळख पटवायचा कॉल लावला. समोर टाय लावलेला एक मुलगा आला. पासपोर्ट चेहऱ्याजवळ धरा, आता तिरका करा, आता हलवा, आता हळू हलवा. दुकानातली लोकं माझ्याकडं बघायला लागली. शेवटी तो फार नम्रपणे म्हणाला, की तुमच्या देशाचा पासपोर्ट आमच्या यादीत बसत नाही, कृपया उद्या पोस्टात जाऊन ओळख पटवा. मी म्हटलं, हे तुम्हाला माझ्या पासपोर्टचा रंग दिसल्यावर नसतं का सांगता आलं? तो म्हणाला, आधी हलवून बघावं लागतं.

असू दे. नेट तर मिळालं होतं. गेटचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, तुम्ही नव्या ठिकाणाहून आलेले दिसता, तुमच्या सुरक्षिततेसाठी पुन्हा लॉगिन करा, आम्ही तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घरातले सगळे ओटीपी ज्या नंबरवर येतात तो नंबर माझ्याचसमोर त्या फोनमध्ये मरून पडला होता.

नवऱ्याला मेसेज टाकला. एकच टिक. लॉकरमध्ये फोन, फोनमध्ये टिक. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला गेले, की माझे वडील गेटवर येतील, ऑपरेशन झालंय, त्यांना प्लीज आत सोडा. ग्रुपवर लिहिताच येईना. मागच्या महिन्यात पार्किंगवरून जी धुणी धुतली गेली, तेव्हापासून फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. ॲडमिननं त्या दिवशी एकच गोष्ट लिहिली होती, कुत्र्यांनी लिफ्टमध्ये काय करू नये याबद्दल. मग सेक्रेटरींना वेगळा मेसेज केला, सगळी हकिगत, वडिलांचं वय, डोळा. निळी टिक आली.  उत्तर आलं, 'नोटेड'. मग थोड्या वेळानं अजून एक, 'कृपया ॲपवरून अप्रूव्ह करावे, नियम सर्वांना समान'.

अण्णांकडं साधा, बटणांचा फोन. त्याला नेटवरचा कॉल लागत नाही. म्हणजे आता मला साधा, घरचा, वायरीचा फोन हवा होता. एवढ्या सगळ्या खटाटोपात एक फायदा झाला होता, ईमेलमधला पेटीचा कोड मिळाला होता. कॉफी तिथंच टाकून मी लॉजवर आले, पेटी उघडली, किल्ली काढली, आत गेले. आत कोणी नव्हतं. मी 'हॅलो, हॅलो' करत जिना चढले, आणि वरच्या मजल्यावर एका दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली, पायात लोकरीचे मोजे, चेहऱ्यावर रविवारी आवाज केल्याबद्दलची नापसंती. मी दोन्ही हात जोडले, कानाला मूठ लावून दाखवली, 'इंडिया' म्हटलं, 'फादर' म्हटलं, डोळ्यावर हात ठेवून दाखवला. तिला काय समजलं कोण जाणे. तिच्या दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, चक्क लँडलाइन होता. तिनं रुमाल बाजूला केला आणि खुर्ची पुढं सरकवली.

पहिल्यांदा अण्णांनी फोन कट केला. दुसऱ्यांदा कट केला. तिसऱ्यांदा वाजू दिला आणि कट केला. हे शिक्षणही माझंच. त्यांच्या मित्राला फोनवरून कोणीतरी पोलीस म्हणून धमकावून लुटलं, तेव्हापासून मी त्यांच्या मागं लागले होते, की अनोळखी नंबर उचलायचा नाही, बाहेरच्या देशाचा तर मुळीच नाही. अण्णा असले धडे फार मन लावून शिकतात. चौथ्यांदा त्यांनी उचलला, बहुतेक राग अनावर होऊन.

"पोलीस का शिबीआय?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, मी बोलतेय."

"मी म्हंजे कोण?"

"तुमची मुलगी!"

"तिचा नंबर माझ्याकडं हाय. ह्यो न्हाई."

"माझ्या फोनला नेटवर्क नाही अण्णा, मी दुसऱ्यांच्या फोनवरून बोलतेय."

"आसंच म्हंत्यात समदे. आवाज बरा काढलाय, पर माझ्या लेकीनं सांगून ठिवलंय, आवाजबी काढत्यात म्हणून."

मागं गाडीचा हॉर्न वाजला, कोणीतरी गेट ओढल्याचा आवाज आला. म्हणजे ते गेटवरच होते. अजून गेले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा वर आला, कारण ते फोन ठेवतील असं वाटलं.

"ठेवू नका अण्णा! काहीही विचारा, मी सांगते."

 युनियनच्या मीटिंगमध्ये मॅनेजरला कोंडीत पकडताना काढायचे तो आवाज अण्णांनी काढला.

"बरं. मंग सांग. माझ्या लेकीच्या घरी गेलो, की मला काय खायाला आवडतंय?"

सापळा चांगला होता. कोणीही पोलीस, कोणीही सीबीआय पुरणपोळी म्हणाला असता, भाकरी-ठेचा म्हणाला असता. मला उत्तर माहीत होतं.

"काही नाही, अण्णा. तुम्ही तिच्या घरी काहीच खात नाही. पाणीसुद्धा पीत नाही."

"बराबर!" अण्णा आनंदानं ओरडले. "तूच हाईस. आवो, माझीच लेक हाय, जर्मनीवरनं बोलायलीय!"

हे शेवटचं गार्डला होतं. अण्णांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे गार्ड सगळं ऐकत होता. मी म्हटलं, त्यांना द्या फोन. हा मराठवाड्यातला माणूस, संध्याकाळच्या ड्युटीला नेहमी असतो. मी त्याला गयावया करायला लागले. भाऊ, ॲप माझ्याकडून उघडत नाहीये, तुम्ही त्यांना ओळखता, त्यांचं ऑपरेशन झालंय, माझ्या जबाबदारीवर आत सोडा, मी सेक्रेटरींशी बोलते.

"मॅडम, मी काकाला कवाच म्हणलो आत जावा म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजे किल्ली हाय त्यांच्याकडं, आधार दाखवलं, पाकिटातला तुमच्या लग्नातला फोटो दाखवला. मी एन्ट्री बी केली. गेट उघडून दिलं. तेच जाइनात. म्हणले, मालकीण हो म्हणू दे, तवर मी हितंच बसतो. उन्हात आलेत मॅडम, तवापासून बसलेत. दोनदा चहा झाला आमचा."

मी त्या बाईच्या दिवाणखान्यात उभी होते. दिवसभर मी साहेबांना, ॲडमिनवाल्याला, टायवाल्या मुलाला, ॲपला, सेक्रेटरीला, जर्मनीला, रविवारला, सगळ्यांना मनात शिव्या घातल्या होत्या. आणि गेट मघापासून उघडं होतं.

"अण्णांना द्या," मी म्हटलं.

"हां, बोल."

"वॉचमनचा चहा चालतो तुम्हाला?"

"त्याला काय हुतंय?" ते गोंधळले. "त्यो काय माझी लेक हाय व्हय?"

"गेट उघडं होतं. किल्ली खिशात आहे. मग बाहेर का बसलात?"

"आगं, मालक घरात न्हाई, मालकिणीनं हो म्हणलं न्हाई, आसं कसं शिरायचं? रीत आसती."

"मी हो म्हटलं नाही?" माझा आवाज चढला. लोकरीच्या मोज्यातली बाई दारात येऊन उभी राहिली. "मी कधी नाही म्हटलं, अण्णा? लग्न झाल्यापासून मी हो म्हणतेय. दर सणाला म्हणतेय. तुम्ही पार्किंगमध्ये बसून डबा खाल्लात, तेव्हाही वर तुमचं ताट वाढलेलं होतं."

मी तेवढ्यावर थांबले नाही.

"मला मूल नाही झालं. होणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मी स्वतः सांगितलंय तुम्हाला. मग आता काय करायचं? तुम्ही मरेपर्यंत माझ्याकडं डबा घेऊन येणार? वॉचमनचा चहा गोड आणि माझ्या घरचं पाणी कडू? मी काय गुन्हा केलाय, अण्णा?"

हे सगळं मी रडत बोलले, नाक ओढत, आणि स्पीकर चालू आहे हे माझ्या लक्षात होतं. इटलीच्या नावाच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर रविवारी संध्याकाळी बरीच वर्दळ असते. एरवी माझी लाजेनं मान खाली गेली असती.

"समदे ऐकायलेत हितं," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"ऐकू दे."

पलीकडं पिशवीत काहीतरी शोधल्याची खुडबुड ऐकू आली.  मग अण्णा बोलले, पण माझ्याशी नव्हे.

"भाऊ, तुमची ड्युटी रातभर हाय न्हवं? ह्यो घ्या डबा. मेसचा हाय, पर बरा आसतोय. घ्या, घ्या. दोनदा चहा पाजलासा."

गार्ड नको नको म्हणत होता. अण्णा त्याला दटावत होते. मग फोन पुन्हा तोंडाजवळ आला.

"जावयानं सकाळी काय करून ठिवलंय घरी?"



"वरण करून ठेवीन म्हणाला होता," मी म्हटलं. "भात कुकरमध्ये असेल. शेपूची भाजी. कालची आहे पण."

"आसू दे. शेपू शिळीच चांगली. मीठ बघाया लागंल, जावयाचा हात न्हाई बसलेला." ते चालायला लागले होते, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. "तिखट कुटं आसतंय तुझं?"

आणि मी त्या परक्या बाईच्या खुर्चीत बसून सांगत राहिले, की गॅसच्या वर डावीकडचं दार, स्टीलचा डबा, त्याच्या मागं लोणचं, ताटं खालच्या कप्प्यात, पाण्याचा तांब्या ओट्यावर पालथा घातलेला आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्या माणसाला कुठं असतं ते ठाऊक नव्हतं.